काजवालीची क्रियापदं

९ सप्टेंबर, मंगळवार. डोळ्यांचे थेंब संपले, नवे आणले. गिझर दुरुस्त झाला. संध्याकाळी वरच्या खोलीतली काजवाली कोरी वही घेऊन आली. म्हणाली, "आजी, मला इंग्रजीत मारामारी शिकवा."

ती शर्टांच्या कारखान्यात काजं पाडते, म्हणजे बटणांची भोकं. सोबत राहणारी धाकटी बहीण तिथेच इस्त्रीवर होती. जुलैमध्ये एक कॉलर करपली म्हणून सुपरवायझरने त्या पोरीचा डावा तळवा गरम प्रेसखाली दाबून धरला. काजवालीने मोजलं होतं, एक ते चार. दोन बोटं आता मिटत नाहीत.

ऑगस्टमध्ये माल घेणाऱ्या कंपनीची परदेशी तपासनीस बाई आली. तिने बँडेज पाहून विचारलं. काजवालीने सगळं सांगितलं, पण ते इंग्रजीत सांगायला सुपरवायझरच उभा होता. तो हसत काहीतरी बोलला. त्यातला 'केअरलेस' हा शब्द तिच्या ओळखीचा होता. रोज तोच ऐकायची. बाईने मान हलवली, लिहून घेतलं, गेली. डिसेंबरात पुन्हा येणार होती.

"या वेळी मधे त्याचं तोंड नको," काजवाली म्हणाली.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिकवायच्या तसंच मी शिकवलं: आधी शब्द, मग अर्थ, मग स्वतःचं वाक्य. शव्ह, म्हणजे जोराने ढकलणे. यँक, म्हणजे हिसका देऊन ओढणे. स्लॅम, म्हणजे दाणकन आपटणे. मी वाक्य दिलं, 'त्याने दार स्लॅम केलं.' तिने खोडून लिहिलं, 'बापाने आईचं डोकं दारावर स्लॅम केलं.'

माझा पेन थांबला. "खरं आहे हे?"

"तुम्हीच म्हणालात ना, स्वतःचं वाक्य लिही."

ड्रॅग हे क्रियापद आईच्या वाट्याला गेलं, उंबऱ्यापासून मोरीपर्यंत. किक आणि स्लॅप तिने नवऱ्याच्या नावावर लिहिले; त्याला सोडून सहा वर्षं झाली. फ्लिंच, म्हणजे माराच्या भीतीने अंग चोरणे. तिथे लिहिलं, 'कुकरची शिटी झाली की माझी बहीण फ्लिंच होते.' तीन वर्षं ती माझ्या डोक्यावर राहत होती आणि मला तिच्याबद्दल भाडं वेळेवर देते एवढंच ठाऊक होतं.

एकदा म्हणाली, "आजी, यांच्याकडे मारायला किती शब्द हो!"

"आपल्याकडे कमी आहेत का? बदडणं, चोपणं, बुकलणं, तुडवणं."

"ते शिकवावे नाही लागले," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी खो खो हसलो.

बारा शब्द झाले. ती काजं पाडताना ते घोकायची. शेजारणी म्हणायच्या, "काय गं, जप चाललाय?"

४ डिसेंबरला बाई आली. सुपरवायझर नेहमीसारखा तिच्या बाजूला. काजवाली मशीनवरून उठली आणि इंग्रजीत म्हणाली, "या माणसाने माझ्या बहिणीचा हात यँक केला. प्रेसखाली ठेवला. प्रेस स्लॅम केला. ती केअरलेस नव्हती."

सुपरवायझरचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मग त्याचं भान सुटलं. त्याने तिची मान धरली आणि तोंड मशीनच्या कडेवर आदळलं. दात ओठातून आरपार गेला. शिवलेल्या शर्टांच्या ढिगावर रक्त सांडलं. दुसऱ्यांदा डोकं उचललं तेव्हा दोन शिलाईवाल्या त्याच्या हातांना लोंबकळल्या. काजवाली वळली आणि बाईला म्हणाली, "यू सॉ."

हे वाक्य मी दिलेलं नव्हतं.

बाईने फोटो काढले, पोलिसांना बोलावलं, आणि दुपारी स्वतः आमच्या इमारतीत आली. धाकटीची दोन बोटं हातात घेऊन पाहिली. या वेळी मधे मी होते. धाकटीचा शब्द आणि माझा शब्द यांत एका अक्षराचा फरक होऊ दिला नाही. बाईने चार पानं लिहिली. धाकटीने खाली उजव्या हाताने सही केली.

मालकाने संध्याकाळीच निरोप धाडला, दोघींनीही उद्यापासून येऊ नये. सुपरवायझर कोठडीत आहे. किती दिवस, कोण जाणे. काजवाली माझ्या पलंगावर ओठ धरून पडली होती. टाके पाच. बोलता येत नव्हतं, म्हणून वही मागून घेतली आणि लिहिलं, 'मी फ्लिंच झाले नाही.'

४ डिसेंबर, गुरुवार. बर्फाचे दोन्ही ट्रे रिकामे झाले. पाणी भरून परत ठेवले.