फोटोतलं स्टेशन

सकाळचे सात वाजले होते. चाळीसगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात नळाला पाणी आलं होतं आणि कलाबाईंची भांड्यांशी झटापट चालली होती. पितांबरनाना पुढच्या खोलीत प्लायवूडच्या फळीसमोर स्टूल टाकून, चिमट्यात धरलेल्या झाडूच्या काडीला लाल रंग देत बसले होते. फळीनं निम्मी खोली अडवलेली. तिच्यावर जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांची स्टेशनं, सायकलच्या स्पोकचे रूळ आणि औषधाच्या झाकणाची पाण्याची टाकी होती.

"ओ संघपालना बाप, मोटर बंद करा. टाकी वाही राह्यनी." कलाबाईंनी आतून नवऱ्याला हाक दिली.

"एक मिनिट."

"तुमनं एक मिनिट म्हंजे लेट व्हयेल पॅसेंजर!"

नाना हसून उठणार, तेवढ्यात दारावर थाप पडली. हाक नाही, कडी नाही. नुसती थाप, आणि लगेच दुसरी.

दारात साठीतली एक बाई होती. पदरानं तोंड पुसत होती, पण घाम तिथल्या तिथेच. मागे तिशीतला मुलगा, हातात काचेच्या फ्रेमसकट भिंतीवरून उतरवलेला फोटो.

"फोटोवरून जागा ओळखणारे नाना तुम्हीच ना?" मुलगा म्हणाला. "मी हितेंद्र. असोद्याहून आलोय. ही माझी आई, लताबाई."

कलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. लताबाईंनी तो हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. "आज चौथा दिवस आहे, नाना," एवढंच त्या बोलल्या, आणि मग पुढचं हितेंद्रनं सांगितलं.

त्याचे वडील, झिपरूआबा. वय बहात्तर. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. आधी किल्ल्या, मग नावं, मग घर. आबांच्या बापाची नोकरी रेल्वेत, रूळ सांभाळणाऱ्या गँगमनची. आज इथे तर उद्या तिथे अशा बदल्या. आबा नऊ वर्षांचे असताना बाप गेला आणि मामानं त्यांना असोद्याला आणलं. त्याआधीच्या गावाचं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. अलीकडे मात्र रोज या फोटोसमोर उभे राहायचे. 'घरी जायचंय, गाडी चुकेल,' म्हणायचे. मंगळवारी सकाळी खरंच निघून गेले. जळगाव स्टेशनावर एका चहावाल्यानं त्यांना पाहिलं होतं. कुठल्या गाडीत चढले, ते कुणी पाहिलं नाही.

"पोलिसांत दिलंय. पण ते तरी शोधतील कुठे?" हितेंद्र म्हणाला. "आबा गेले असतील तर इथेच गेले असतील." त्यानं फ्रेम नानांसमोर धरली. "शुगर आहे त्यांना. आणि दुपारी बाहेर चव्वेचाळीस डिग्री असतं."

नानांची चौतीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे लीव्हर ओढण्यात गेली होती. दोन्ही तळहातांना घट्टे होते. साहेब होणं काही नशिबात नव्हतं, पण निवृत्तीनंतर एक वेगळाच मान वाट्याला आला. जुन्या रेल्वेचा नाद असलेली पोरं मोबाईलवर फोटो पाठवायची, 'नाना, हे कुठलं?' आणि नाना सांगायचे. त्यांची रीत ठरलेली. आधी डोंगर बघायचा, मग टाकी, मग इमारत. "बाकी सगळ्यांची बदली होते, डोंगराची होत नाही," असं ते म्हणत. मग फळीवरच्या त्या स्टेशनाला डोळा लावून जमिनीच्या पातळीवरून पाहायचं. जुळलं की जुळलं. आजवर कुणी त्यांना चूक ठरवलं नव्हतं.

फोटोत गँगमन, त्याची बायको आणि मध्ये चड्डीतलं पोरगं होतं. मागे सिग्नल, उजवीकडे टाकी, टाकीच्या आड बैठ्या क्वार्टरांची रांग, डावीकडे मधोमध खाच असलेला डोंगर.

पाच मिनिटंही लागली नाहीत. "पिंपळदरे," नाना म्हणाले. "धुळ्याच्या लाईनवरचं. डोंगर डाव्या हाताला, टाकी उजव्या. क्वार्टर मला आठवत नाहीत, पण ते पाडले असतील."

लताबाईंनी नानांच्या पायाला हात लावला. नानांना बरं वाटलं, हे त्यांनी नंतर स्वतःशीच कबूल केलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

हितेंद्र बाहेर थांबलेल्या दोन मामेभावांना घेऊन गाडीनं पिंपळदऱ्याला गेला. लताबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्या इथेच थांबल्या. कलाबाईंनी कळण्याची भाकरी केली, ठेचा वाढला. लताबाईंनी एक घास मोडला आणि ताटात बोट फिरवत बसल्या.

"ते उपाशी असतील," त्या म्हणाल्या. "हातात दिल्याशिवाय जेवत नाहीत आता."

दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर रस्ता ओस पडला. नानांनी तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा साडेबारा झाले होते. हितेंद्रचा आवाज तापलेला होता.

"नाना, टाकी आहे, डोंगर आहे. पण टाकीमागे शेत आहे, नांगरलेलं. नव्वद वर्षांचे बाबा भेटले इथे, ते म्हणतात इथे क्वार्टर कधी नव्हतेच. विहिरींत वाकून पाहिलं आम्ही, नाले पाहिले. तुमच्या पुठ्ठ्याच्या गावात असतील क्वार्टर. इथे नाहीत."

फोन बंद झाला. नाना तसाच तो कानाला धरून उभे राहिले. लताबाईंनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. ते बघवेना, म्हणून नाना परत फोटोशी बसले. तोच डोंगर, तीच खाच. मग क्वार्टर आले कुठून? अर्धा दिवस गेला होता. या उन्हात, त्या वयाच्या माणसाचा अर्धा दिवस.

त्यांना दिसेनासं झालं. फोटो धूसर व्हायला लागला. चष्मा पुसला तरी तेच.

कलाबाई लताबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. दुसऱ्याचं दुःख थोडं हलकं करायचं म्हणून बाया बोलतात, तशा बोलायला लागल्या. नानांच्या हातातून फ्रेम घेत म्हणाल्या, "तुमचे सासरे देखणे होते हो. सदरा पण कसा कडक..." आणि थांबल्या. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी घरी मशीन चालवली होती, गल्लीतले निम्मे सदरे त्यांच्या हातचे. त्यांनी फोटो उजेडाला नेला.

"ओ, इकडे या. हाऊ खिसा उजव्या छातीवर कसा? कोणता शिंपी असा शिवस?"

नाना उठले.

"ताई," त्यांनी लताबाईंना विचारलं, "हा फोटो कुठला? मूळचाच?"

"नाही. मूळचा ओलीनं गेला. ट्रंकेत निगेटिव्ह होती, ती जळगावच्या एका स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला. दहा वर्षं झाली."

निगेटिव्ह उलटी धरली गेली होती. डावं ते उजवं, उजवं ते डावं. आणि हे ओळखायला खिशाचीही गरज नव्हती. फोटोत गँगमनच्या डोक्यावर सिग्नल होता. सिग्नलचा हात, म्हणजे ती आडवी पट्टी, काळपट, कारण लाल रंग जुन्या फोटोत काळाच दिसतो; वर पांढरा पट्टा. म्हणजे गाडीकडची, समोरची बाजू. समोरून पाहिलं की तो हात नेहमी डावीकडे निघतो. इथे उजवीकडे होता. चौतीस वर्षं तोच हात त्यांनी दिवसातून पन्नास वेळा वर-खाली केला होता, आणि सकाळी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. सगळ्या स्टेशनांवर असतो म्हणून. डोंगर बघत बसले होते.

"आरसा आण," ते म्हणाले. कलाबाईंनी दाढीचा आरसा आणला आणि फोटोसमोर धरला.

आरशात डोंगर उजवीकडे गेला, टाकी डावीकडे आली. नानांनी आरशातलं ते चित्र एकदाच पाहिलं. "टेंभेखेडे," ते म्हणाले. यावेळी आवाजात कसलाही दिमाख नव्हता. "सुरत लाईनवरचं. तिथेही खाचेचा डोंगर आहे, पण उजव्या हाताला. जळगावहून सरळ गाडी जाते."

जळगावहून सरळ. लताबाई उठून बसल्या. "म्हणजे ते मंगळवारीच पोचले असतील?"

मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि आज. पोचले असतील तर किती वेळ तिथे आहेत, हे तिघांनाही मोजता येत होतं.

हितेंद्रला फोन लावून टेंभेखेडे सांगितलं. तो म्हणाला, "इथून अडीच तास लागतील. आणि हेही चुकलं तर?"

"चुकलं तर माझ्या तोंडावर थुंक. पण आत्ता गाडी वळव."

अडीच तास थांबण्यात अर्थ नव्हता. नानांनी धुळ्याच्या प्रेमराजला फोन केला. तो जुना गार्ड, सगळ्या स्टेशनांचे नंबर वहीत ठेवणारा. त्यानं 'कशाला हवाय' हे विचारलं नाही, आवाजावरूनच समजला असावा. नंबर लिहून घेताना नानांच्या हातातली पेन्सिल दोनदा मोडली. शेवटी आकडे कलाबाईंनी लिहिले.

पलीकडे एका तरुण बाईनं फोन उचलला. टेंभेखेड्याच्या स्टेशन मास्तर.

"मॅडम, मी पितांबर. चाळीसगावचा रिटायर्ड केबिनमन. तुमच्या पाण्याच्या टाकीमागे गँगमनचे क्वार्टर होते."

"काका, ते माझ्या आधीच पाडले. तिथे आता काही नाही. बाभळी आहेत नुसत्या. तिकडे कुणी जात नाही."

"घरांची जोती तरी उरली असतील."

"असतील, पण... मालगाडी यायची आहे माझी, दहा मिनिटांत. झालंय काय?"

लताबाई फोनच्या इतक्या जवळ सरकल्या होत्या की त्यांचा श्वास नानांच्या हाताला लागत होता. सगळं सांगायला वेळ नव्हता. आबांचं विसरणं, उलटी निगेटिव्ह, स्वतःची चूक, काहीच सांगायला वेळ नव्हता.

"मॅडम, मालगाडी जाऊ द्या आणि मग पाण्याची एक बाटली घेऊन त्या बाभळींपर्यंत जा. तिथे एक म्हातारा माणूस बसलेला असेल, तेवढं बघून या."