विडीचा धूर आणि बाबांची लघवीची पिशवी

दुर्बिणीतून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "मूत्राशयाचा कॅन्सर आहे. मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी. विडी किती वर्षं ओढताय?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "साहेब, विडी मी तोंडानं वडतो. ती तिकडं कशी जाईल?"

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. घरच्यांना वाटतं, मला सगळं कळतं.

डॉक्टर म्हणाले, "गाठ वरवरची आहे, पिशवीच्या स्नायूत शिरलेली नाही. पण विडी चालू राहिली तर गाठ परत येण्याची भीती जास्त. खोल गेली तर पिशवीच काढावी लागेल."

बाबा रेवसच्या बाजूला मिठागरावर काम करतात. एप्रिलच्या उन्हात तिथे कुणालाही उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते. त्यावर सगळ्यांचा उपाय एकच, कोकम सरबत. बाबांना लघवी लाल दिसली तेव्हा त्यांनीही सरबत सुरू केलं. पुढे लाल दिसलं की मनाशी म्हणायचे, कोकमाचा रंग आहे. दुखत काहीच नव्हतं. आठ दिवसांनी रंग आपोआप गेला आणि कोकमाचा गुण आला असं ठरलं. पुन्हा दिसला तेव्हा त्यांनी आईला सांगितलं आणि आईने मला. मध्ये दोन महिने गेले होते. मुलीला असलं कसं सांगायचं, असं त्यांना वाटत होतं.

तुमच्या घरी असं झालं तर एवढं करा. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं, थांबलेलं असलं, तरी डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यातून रेवसला परतताना लाँचवर मी बाबांना समजावायला बसले. प्रत्येक पेशीत डीएनए असतो. पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. विडीच्या धुरातली विषारी रसायनं फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात. पिशवीच्या आतल्या पेशींत ती डीएनएला चिकटतात आणि लिहिलेलं बिघडवतात. पेशी दुरुस्ती करते, पण रोजच धूर येत राहिला की काही चुका तशाच राहतात. थांबायची सूचनाच बिघडली की पेशी वाढतच जाते. हे सांगताना मी चारदा अडखळले.

बाबांनी विचारलं, "लघवी पिशवीत किती वेळ ऱ्हाते?"

"तीन-चार तास."

"मंग बराबर हाय. खाडीचं पानी वाहतं तवर मीठ धरत न्हाय. वाफ्यात थांबलं की धरतं."

मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. विड्यांचं बंडल मात्र त्यांनी फेकलं नाही, ते खिशातच राहिलं.

मग बीसीजी सुरू झालं आणि त्या दिवसापासून बाबांनी विडी बंद केली. बाळांना क्षयाची जी लस देतात, तिच्यातलेच कमजोर केलेले जंतू नळीने पिशवीत सोडतात. त्यांच्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि उरलेल्या कॅन्सरपेशींवरही तुटून पडते. आठवड्यातून एकदा, असं सहा आठवडे. औषध आत गेल्यावर दोन तास लघवी धरायची आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची.

"काका, आता पालथे," सिस्टर म्हणाल्या.

"पापलेट तलायला घेतलाय मला," बाबा म्हणाले. "मीठ लावलं का, सिस्टर?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसू लागले. सिस्टरनी दोघांनाही दटावलं, "हसू नका, औषध बाहेर येईल."

तिसऱ्या आठवड्यात मिठागरावरच्या गणूकाकांनी विडी पुढे केली. "वड रं, येकीनं काय व्हतंय? डाक्टर हितं बघाया येतोय?" बाबांनी ओढली आणि संध्याकाळी मला वसतिगृहावर फोन करून स्वतःच सांगितलं. मी चिडले आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर मात्र चिडले नाहीत. "एक ओढली म्हणून सगळं वाया गेलं नाही. आजपासून पुन्हा बंद." त्यांनी निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं. बाबा ते चघळताना दिसले की गणूकाका त्यांना म्हैस म्हणायचे. बाबा म्हणायचे, "म्हस तर म्हस. म्हस विडी वडत न्हाय."

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. मी बाहेर बाकावर बसले होते, हातातलं पुस्तक उलटं आहे हे आईने दाखवलं तेव्हा कळलं. डॉक्टर बाहेर आले. "पिशवी स्वच्छ आहे. तीन महिन्यांनी परत या." कायमचं गेलं, असं ते म्हणाले नाहीत. तपासण्या कित्येक वर्षं चालतील. तरीही आईने त्यांना आणि सिस्टरना हात जोडले, आणि मीही जोडले.

मी अलिबागला वसतिगृहावर असते. बाबा रोज सकाळी फोन करतात, मी मैत्रिणींबरोबर कॉलेजला चालत असते तेव्हा. बाबांचा आवाज इतका मोठा, की सगळ्यांना ऐकू जातो.

"बाय, आज पन साफ. आनि विडी न्हाय."

आधी लाजेने मी फोन कापला असता. आता रस्त्यातच विचारते, "रंग कसा होता, बाबा?"

"पान्यावानी," बाबा सांगतात, आणि मी तासाला जाते.