तीन बोटांचा पाहुणा आणि माझी नात

ग्रुपवरच्या मंडळींनो, लिहायला उशीर झाला, माफ करा. जीव घाबरा आहे, दहादा लिहून खोडलं.

माझ्या नातीने, ऋतुजाने, मोबाईलवर विनोदी मालिका बनवली आहे. परग्रहावरचा पाहुणा डोक्यात पातेलं घालून घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला येतो. तिथं भाव ठरतो रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून, बोटांवरच आकडा कळतो, आणि याला बोटं तीनच!

आज दुपारी देवळात टीव्हीवर सगळ्यांना दाखवली. कुणी हसलंच नाही. बाजारातले दलाल नामदेवराव मधेच उठले. "अगं पोरी, तीन बोटांत बी सौदा व्हतो की!"

शेजारी बसलेला बबन म्हणाला, "कसा व्हतो? दाखवा बरं!" दोघांनी तिथंच रुमाल टाकून बोटं धरली. सगळे तिकडेच बघत बसले.

ऋतुजा घरी आली ती न जेवता निजली. "आबा, लई फसली. आता न्हाई बनवनार. हाय ती बी सकाळी उठून पुसून टाकते."

मालिका कमी पडली, हे खरंच. पण त्या पाहुण्याला म्हैस मिळावी म्हणून माणसं भांडली की! मी सांगितलं तर म्हणते, तुम्ही आजोबा, तुम्ही असंच म्हणणार.

मालिका खाली जोडली आहे, तुम्ही बघा आणि खरं काय ते तिला कळवा. पण लवकर कळवा, ती उठायच्या आत.