ताइतातली पूड

"इतकी वर्षं भट्टीपुढं बसून केलंस काय, तर रांगोली!" धाकटा भाऊ मला असा चिडवायचा. पनवेलच्या कॉलेजात माझं संशोधन चाललं होतं. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम या धातूचा कणभर अंश घालून स्फटिक बनवायचे, कुटून त्यांची पूड करायची. ही पूड क्ष-किरण किंवा गॅमा किरणांचा मारा मुकाट गिळून बसते आणि तापवली की गिळला असेल तेवढा उजेड ओकते. तो उजेड मोजला की माणसाच्या अंगाला किती किरण लागले ते कळतं. भट्टी तापत आली की नेमकं लोडशेडिंग! मग पुन्हा पहिल्यापासून. पण हट्ट म्हणजे हट्ट.

भाऊ कळंबोलीकडच्या एका यार्डात आतली चीर दिसावी म्हणून गॅमा किरणांनी वेल्डिंगच्या जोडांचे फोटो काढायचा. छातीवर किरण मोजणारा बिल्ला लावायचा नियम होता. पण मोजमाप जास्त भरलं की माणसाला त्या कामावरून उठवतात, म्हणून सगळ्यांचे बिल्ले केबिनमधल्या खिळ्याला! हे त्याने जेवताना हसत सांगितलं. मी ताट बाजूला सारलं.

"अरे, किरण खिळ्याला लागतात का तुला?"

"बिल्ला लावला तर घरी बसवतील. गप जेव, ताय."

गप्प बसणाऱ्यातली मी नव्हेच. आईने जत्रेतून आणलेला तांब्याचा ताईत त्याच्या गळ्यात कायम असे. माझ्या पुडीला उजेड वर्ज्य, आणि ताइताच्या आत तर काळोखच; हे किरण मात्र तांब्यातून आरपार जातात. दोरा बदलायला आईने तो उतरवला, तेव्हा आतला अंगारा काढून मी पूड भरली आणि मेणाने तोंड बंद केलं. चोरून केलं? केलं. आजही करीन.

महिन्याभराने दोरा मुद्दाम मीच कापला. पूड तापवली, तर आलेखाची रेघ वर चढतच गेली. माझं डोकंच फिरलं. आलेख घेऊन तडक यार्डात गेले.

साहेब म्हणाले, "मॅडम, ही घरगुती पूड. हिला मान्यता नाही."

"मान्यता असलेला बिल्ला तुम्ही खिळ्याला टांगलाय. तो माझ्या भावाच्या छातीवर लावा, मी माझी पूड गटारात ओतते."

भावाला त्याच दिवशी घरी बसवलं. तो माझ्याशी बोलेना. आई म्हणाली, "शिकलीस नि भावाच्याच पोटावर पाय दिलास." दिला! जळो असलं पोट भरणं.

एका दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. मागे यार्डातले त्याचे सोबती, मान खाली घातलेले. त्याने मूठभर रिकामे ताईत माझ्या टेबलावर ओतले.

"यांचे पन भर," म्हणाला.