हातांनी बोलणारा बाप

मिनल झाली तेव्हा विणकरांच्या टिमकी मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या, पोरगी मोठी गुणाची. आजोबांचा हातमाग दिवसभर खटखट करायचा आणि त्याच्या शेजारी पाळण्यात ही निवांत झोपलेली असायची. तिचा दोन वर्षांनी मोठा भाऊ साहिल मागाच्या पहिल्या ठोक्याला रडत उठायचा. तिची पापणीही हलत नसे.

एकदा शेजारच्या लग्नात अंगणात फटाक्यांची लड लागली. गल्लीतली सगळी लेकरं किंचाळली. मिनल आईच्या, गोपिकाच्या मांडीवर बसून बिस्किट खात राहिली. गोपिकाने नवऱ्याकडे पाहिलं.  दुसऱ्या दिवशी ताराचंद मुलीला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले आणि परत आल्यावर बराच वेळ ओसरीवर चपला न काढता बसून राहिले.

ताराचंद सोनकुसरे सरकारी रुग्णालयात वॉर्डबॉय होते. विणकाम वडिलांबरोबर संपणार हे ओळखून त्यांनी ही नोकरी धरली होती. मिनल कर्णबधिरांच्या शाळेत जायला लागली तेव्हा सकाळची ड्युटी संपली, की ते तडक शाळेत जात आणि तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसत. बाई पोरांना खुणा शिकवायच्या. खाकी कपड्यातला हा माणूस त्या गिरवायचा. "पोरीनं एवढं शिकायचं अन् घरी येऊन भिंतीसंग बोलायचं काय?" ते म्हणत. वर्षभरात बापलेकीचं हातांनी भांडणसुद्धा होऊ लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं, तर ते नुसते एक चांगले बाप राहिले असते. पण २००६ साली रुग्णालयात जयवंता आली.

उमरेडकडची बाई. पोट धरून ओरडत होती आणि विचारलेल्या कशाचंच उत्तर देत नव्हती. कुणीतरी तिच्या कागदावर मानसिक रुग्ण लिहिलं. स्ट्रेचर ढकलायला ताराचंद होते. रॅम्पच्या वळणावर त्यांना तिची बोटं दिसली. ती वेड्यासारखी हलत नव्हती. ती सांगत होती: उजवीकडे, खाली, तीन दिवस. ताराचंदांनी स्ट्रेचर तिथेच थांबवलं आणि हातांनी विचारलं, "उलटी?" बाईने त्यांचं मनगट असं पकडलं, की पुढे चार दिवस तिथे वळ होते. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ती वाचली.

"सर, इथं खुणा समजणारा एक माणूस ठेवा," त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं.

"तू आहेस ना."

"मी सुट्टीवर राहिलो तर?"

डॉक्टर हसले. त्या आठवड्यात ताराचंदांनी पहिला अर्ज लिहिला. दुभाष्याचं एक पद मंजूर करावं. मग दुसरा लिहिला, मग विसावा. ज्या कार्यालयातून उत्तर आलं नाही, तिथे ते स्वतः जाऊन बाकावर बसत. दरम्यान शहरभरच्या कर्णबधिरांपर्यंत त्यांचा नंबर पोचला. कोर्टात साक्ष असो, रेशनकार्ड असो, कुणाचं घर फुटायच्या बेतात असो, ताराचंद डबा घेऊन निघत. जयवंताचं नाव निघालं, की ते मनगट चोळत.

साहिलच्या हळदीच्या दिवशीही फोन आला. प्रीतम नावाचा कर्णबधिर शिंपी पोलिस ठाण्यात होता. पोलिसाने हाक मारली, तो थांबला नाही, म्हणून चोर समजून त्याला धरलं होतं.

"आज नका जाऊ," गोपिका दारात वाट अडवून उभी राहिली. "आजच्या दिवस तरी."

"तासाभरात येतो गोपिका. त्याले काही सांगता येऊन नाही राहिलं."

ते परतले तेव्हा मांडवात खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. साहिल हळद धुऊन बसला होता.

"तिथं दुसरं कोणी नव्हतं काय, बाबा?"

"नव्हतं गा."

"इथंबी दुसरा बाप नव्हता."

  लग्नानंतर साहिल पुण्याला गेला. मिनलने आपल्यासारख्याच कर्णबधिर ऋषीशी लग्न केलं आणि ती इंदूरला गेली. टिमकीचं घर विकून म्हातारा-म्हातारीने शहराच्या टोकाला हुडकेश्वरला दोन खोल्या घेतल्या, आणि तिथे तीन वर्षं होत नाहीत तोच गोपिका गेली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, कुकरची दुसरी शिट्टी होता होता.

ताराचंद निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी दुभाष्याचं पद मंजूर झालं. पहिल्या अर्जानंतर अठरा वर्षांनी. ही बातमी त्यांना जुन्या सहकाऱ्याने फोनवर दिली. ताराचंद खुर्चीतून उठले, दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेले आणि मध्येच थांबले. सांगायला घरात कुणी नव्हतं.

मंगळवारी ते बस धरून रुग्णालयात गेले. नऊ नंबरच्या खिडकीशी मयुरी नावाची तरुण दुभाषी बसली होती. समोर एक बाप आणि त्याचा कर्णबधिर मुलगा. मयुरीचे हात सफाईदार चालत होते. ताराचंदांना न येणाऱ्या काही नव्या खुणाही त्यात होत्या. मुलगा हसला. ताराचंद खांबापाशी उभे राहून पाहत होते.

"काका, नंबर लावला का? कोणाले दाखवायचं आहे?" तिने विचारलं.

"नाही वं बाई. असाच आलो होतो."

नाव सांगितलं असतं, तर कदाचित तिने चहा पाजला असता. त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा फोन पूर्वी दिवसातून दहादा थरथरायचा. आता महिन्यातून एकदा कुणीतरी विचारतं, मयुरी मॅडमचा नंबर आहे का. ते देतात.

रविवारी मिनलचा व्हिडिओ कॉल येतो. ते खिडकीजवळ बसतात, उजेड हातांवर पडेल असे. तिच्याशी सगळं बोलून होतं: गुडघे, भाजी, आई. फोन बंद झाला, की पुन्हा आठवडाभर हात मांडीवर.

साहिलशी बोलायला मात्र तोंड लागतं, आणि ते त्यांना जमत नाही. परवा त्यांनी फोन लावला.

"बोला बाबा. काही काम होतं काय?"

"काम... हो. गीझर बिघडला."

साहिलने नीट विचारलं. लाल दिवा लागतो का, बटण कुठलं, किती वर्षं झाली. संध्याकाळी त्याने स्वतःहून पुन्हा फोन केला आणि मेकॅनिकचा नंबर सांगितला. "थंड पाण्यानं नका आंघोळ करू बाबा," असं दोनदा म्हणाला. सगळं मिळून नऊ मिनिटं बोलणं झालं.

गीझरला काहीच झालं नव्हतं. ताराचंद उठले, न्हाणीत गेले आणि त्याचा खटका बंद करून आले. साहिलने पुन्हा विचारायचं, तर निदान आठवडाभर तरी तो बिघडलेला राहायला हवा होता.