कॅम्पातली हिशेबवाली

तिचा हेवा मला पहिल्या दिवसापासून वाटला आणि तो लपवणे मला कधी जमले नाही. पिंपरीत निर्वासितांचा कॅम्प वसून तेव्हा काही वर्षे झाली होती. इकडे चिंचवडात आम्ही बायकांनी मिळून एक सूतिकागृह काढले होते. सूतिकागृह म्हणजे काय, तर दोन खाटा, एक स्टोव्ह, औषधांचे कपाट आणि एक नर्सबाई. रहाटणीपासून चाकणपर्यंतच्या बाया बैलगाडीतून यायच्या. बाळंतपणाचे पैसे मागायचे नाहीत, हा आमचा नेम.

मी खजिनदार. पैसे माझ्या घरी डाळीच्या डब्यांत असत. एक डबा नर्सबाईंच्या पगाराचा, एक औषधांचा, एक रॉकेलचा. ज्याने ज्यासाठी दिले, ते त्याच डब्यात. एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही, आणि त्याबद्दल मला कोणी शाबासकीही दिली नाही.

मग संस्थांनी नोंदणी करून तपासलेले हिशेब द्यावेत, असा कायदा आला. त्याच सुमारास पगाराचा डबा वरचेवर रिकामा राहू लागला. नर्सबाईंनी स्पष्ट सांगितले, "दिवाळीपर्यंत वाट पाहते. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाते." त्या गेल्या की सूतिकागृहाला कुलूप, हे सगळ्यांना कळत होते.

गावच्या पाटलीणबाई आमच्या अध्यक्षीण. त्या म्हणाल्या, "कॅम्पात एक बाई हाय. दुकानांचं हिशेब लिवती. कुनाची नोकर न्हाई, वार ठरवून फिरती. तिला बोलवू."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई गं. पर सरकारला डाळीचं डबं चालायचं न्हाईत."

सगळ्या हसल्या. मला झोंबले.

ती दर गुरुवारी दुपारी येऊ लागली. सिंध सोडून आलेली, सडसडीत, माझ्याच वयाची. सोमवारी चाकणचा कांद्याचा आडत्या, मंगळवारी सायकली दुरुस्त करणारे एक चाचा, बुधवारी कापडवाला, गुरुवारी आम्ही. आमच्याकडून ती दुकानांपेक्षा कमी घ्यायची, तरी मला तो प्रत्येक आणा टोचायचा. मी इतकी वर्षे फुकट राबले आणि ही दुपारभर बसून पैसे घेणार! वर तिच्या चहात वेलदोडा. माझ्या चहात कधी कोणी वेलदोडा घातला नव्हता. आमच्या ह्यांनी तर कहर केला. "बाईमाणूस असून चार दुकानं सांभाळते, मानलं पाहिजे," म्हणाले. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडले. मुद्दाम टाकले नव्हते, असे मी अजून सांगते.

काम मात्र ती चोख करायची. हे लिहितानासुद्धा जिवावर येते. नोंदणीचे कागद तिने मार्गी लावले, पावत्या छापून घेतल्या. मग एका गुरुवारी विचारले, "वहिनी, पगाराच्या डब्यात पैसा येतो कधी?"

"बारशाला," मी म्हणाले. बारशाच्या दिवशी घरचे लोक आनंदाने जे देतील ते पगाराच्या डब्यात टाकायचे, अशी आमची रीत होती.

"मग डबा खाली होता तेव्हा बच्चे कमी झाले?"

"नाही. तेवढेच."

"लडके कमी झाले?"

नर्सबाई दारातूनच म्हणाल्या, "मुलगा झाला की नोट येते, मुलगी झाली की नारळ. मला विचारा ना."

म्हणजे मुली जन्मल्या की नर्सबाईंचा पगार बुडत होता. हे मला न दिसायला मी काय परक्या मुलखातून आले होते? माझ्या दोन्ही मुली इथल्याच खाटांवर झाल्या. आमच्याकडे पेढे मुलाचे. मुलीची बर्फी, तीही घरच्यांना हौस असेल तर. माझ्या सासूबाईंनी दोन्ही वेळा गुळाचा खडा धाडला होता.

"पैसा आधी मागा," ती म्हणाली. "मूल व्हायच्या आधी. कोणाला माहीत नसतं तेव्हा."

"आधी म्हणजे कधी? लोकांच्या दारात जाऊन उभी राहू?" मी फटकन बोलले, आणि बोलता बोलताच मला सुचले. "डोहाळजेवणाला मागता येईल. सातव्या महिन्यात सगळ्यांना मुलगाच होणार असतो."

डोहाळजेवण म्हणजे काय, हेही तिला मीच समजावून सांगितले. ज्यांच्या घरी ते होत नसे, त्यांची ओटी आम्ही सूतिकागृहातच भरू लागलो. पाहुण्याबायकांपुढे पगाराचा डबा फिरायचा आणि खणखणत परत यायचा. दिवाळी गेली. नर्सबाई राहिल्या.

वार्षिक सभेत पाटलीणबाई म्हणाल्या, "या कॅम्पातल्या बाईनं डोहाळजेवनाची युक्ती काढली म्हून आपलं सूतिकागृह ऱ्हायलं." टाळ्या पडल्या. ती उठून म्हणाली, "युक्ती वहिनींची आहे." तिच्या या मनाच्या मोठेपणाला आणखी टाळ्या पडल्या. युक्ती माझी, आणि मोठेपणाही तिलाच. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे ती आपण होऊन म्हणाली, "आता तुम्हाला जमतं. मला पैसे कशाला देता?" आणि गुरुवार बंद केला. तरी बायका वर्षभर तिचीच आठवण काढत राहिल्या.

मग ती बाळंतपणाला आमच्याकडेच आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिच्या नवऱ्याने मोठा डबा आणला. झाकण उघडले तर पेढे.

पाटलीणबाई हळूच म्हणाल्या, "अगं, पोरीची बर्फी वाटत्यात."

"बर्फी मला आवडत नाही," ती म्हणाली आणि डबा पुढे केला.

बायका हसत हसत पेढे घेऊ लागल्या. तिच्या पोरीला न मागता मिळाले, ते माझ्या पोरींसाठी मी मागितलेही नव्हते. डबा माझ्यासमोर आला तेव्हा मी दोन पेढे उचलले आणि एकही खाल्ला नाही. घरी आले, अंगणात खेळणाऱ्या दोघींना हाक मारली आणि एकेकीच्या हातावर एकेक ठेवला.

"कुणाला मुलगा झाला?" थोरलीने विचारले.

"कुणाला नाही," मी म्हणाले. "तुमचे आहेत. द्यायचे राहिले होते."

तेही तिच्याच डब्यातले द्यावे लागले.