जाळीचा पाइप

उत्तममामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली होतो. पुण्याबाहेरच्या आमच्या गॅरेजात टर्बोच्या, म्हणजे जास्तीच्या जोराच्या गाड्यांना कंपनीचे काढून बाहेरचे धुराचे पाइप बसवतात. त्या गाडीचा पाइप नुकताच बसवून इंजिन चालू करून बघितलं होतं. कच्च्या पेट्रोलचा वास घशात उतरलेला, डोळे चुरचुरणारे, आणि तिकडून मामांचा पुतण्या पवन सांगत होता, "काका गेले. झोपेतच गेले." मला रडू आलं न्हाई. तोंड धुतलं, चूळ भरली, तरी वास जाईना. आता मामांची आठवण आली की आधी तोच वास येतो, आणि मला स्वतःचीच शिसारी येते... कारण मामांना त्या वासाची जेवढी घाण वाटायची तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नव्हती.

नववीतून शाळा सुटली तेव्हा मला या गॅरेजात आणून सोडलं ते मामांनीच. मालकाला म्हणाले, "पोरगं भित्रं हाये, पण हात चांगला हाये त्याचा." आज दोन घास खातो ते त्या एका वाक्यावर. मामा स्वतः कितीतरी वर्षं गावाकडं गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली जीप चालवायचे. जीप काळाकुट्ट धूर ओकायची आणि रात्री अंगणात उभी राहायची. मामीला दमा लागला तो त्याच धुरानं, असं मामांनी मनात धरलं होतं. डॉक्टर तसं कधी म्हणाले न्हाईत, पण मामांनी जीप विकली आणि पेट्रोलवर चालणारी जुनी टर्बो गाडी घेतली. मामीला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं, आणायचं, एवढंच तिचं काम.

तिचा डाउनपाइप खराब झाला म्हणून मामा पुण्याला आले, तीच आमची शेवटची भेट. डाउनपाइप म्हणजे टर्बोच्या तोंडापासून धूर खाली नेणारा जाड पाइप. कंपनीच्या पाइपात बारीक छिद्रांची जाळी असते, धुरातली घाण तिथं जळते. जाळी काढली की गाडी मोकळी पळते, पाइपातूनच फटाके फोडते, आणि मागं उभ्या माणसाच्या जिभेवर पेट्रोलची चव येते. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेकांना हेच पाहिजे असतं. काउंटरवरच्या पोरानं मामांपुढं तीन पाइप मांडले. पहिला मोकळा, आरशासारखा चमकणारा. "हाच घ्या मामा, गाव दणाणंल." मामा म्हणाले, "गाव दणाणून काय करू? गावात माझीच बायको राहती." दुसऱ्याला मधे डब्बा होता, पोरगं म्हणालं जाळीवाला आहे. मामांनी कोपऱ्यातल्या खराट्याची काडी मोडली आणि आत सारली. काडी सरळ दुसरीकडून बाहेर आली. "ही जाळी व्हय? ह्याच्यातून तं म्हैस जाईल." मग तिसरा उचलून माझ्याकडं वळले. "तू सांग. तुझ्या मामीला कोणत्या पाइपाच्या गाडीत बसवशील?" मालक बाजूलाच उभे. मोकळा पाइप खपवायचा हे आम्हाला सांगून ठेवलेलं. मी मालकाकडं पाठ केली. "तिसरा," मी म्हणालो. त्याच्यात खरी जाळी होती, जोर मात्र मोकळ्यापेक्षा कमी मिळणार होता. मालकांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मामांनी काडी माझ्या खिशात खोचली आणि म्हणाले, "चाल, बसव. आन् जोड असा आवळ की डास बी निघू नये."

दहाव्याला गावी होतो. गावात बॅनर लागलेला, त्यात मामांच्या डोळ्यांवर काळा गॉगल चिकटवलेला. मामांनी जन्मात गॉगल घातला नव्हता. आदल्या दिवशी पवन कुणाच्या तरी गाडीचा काढलेला मोकळा पाइप घेऊन आला. "गाड्यांची सलामी द्यायचीय काकाला. पहिली काकाचीच गाडी. अर्ध्या दिवसाचं काम हाये, बसव."

"मामी जाते त्या गाडीत."

"नंतर बदलू की."

"न्हाई बसवत."

"पुण्यात हेच करून राहिला ना तू? तिथं पोटासाठी चालतं, अन् इथं काकासाठी न्हाई?"

मी गाडीची किल्ली खिशात घातली आणि तिथून उठलो. रात्रभर वाटत राहिलं, आता या घरात आपल्याला पाणी तरी विचारतील का.

सलामी झालीच, दुसऱ्या गाड्यांनी. ओढ्याकाठी पिंड ठेवला, सगळे कावळ्याची वाट बघत मागं सरकले, आणि वरच्या रस्त्यावर पाच-सहा गाड्यांनी फटाके फोडायला सुरुवात केली. बाभळीवरचे कावळे एकदम उडाले. निळसर धूर उतरून पिंडावर, दह्याभातावर, माणसांवर बसला. पोरं मोबाइल धरून हसत होती. कावळा येईना, तसे जाणते लोक हळहळले, "उत्तमरावाची काहीतरी इच्छा राहिली." मग एकेकानं पिंडापुढं जाऊन हात जोडले. पवन म्हणाला, "काका, तुमचं नाव चालवतो." कुणी म्हणालं, "वहिनीला अंतर देणार न्हाई." आणि वहिनी, म्हणजे माझी मामी, मागं झाडाखाली पदर नाकाला लावून खोकत होती, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. इतकी किळस मला गॅरेजात कधी आली नव्हती. शेवटी मामीच ओरडली, "आधी त्या गाड्या बंद करा रे."

गाड्या बंद झाल्या. धूर विरला. थोड्या वेळानं कावळा आला, शिवला. पवन म्हणाला, "बघा, सलामी पोचली."

तेरावं झाल्यावर मामीला दवाखान्यात न्यायचं होतं. मी गाडी काढली, चालू केली, मागचं दार उघडलं. मामी बसेना. म्हणाली, "आधी तू बस मागं. काचा लाव. तुझा मामा दर खेपेला बसायचा तसा, मगच मला बसू द्यायचा." हे मला कधीच ठाऊक नव्हतं. मी मागं बसलो, काचा वर केल्या. सीटवर मामांच्या बसण्याचा खळगा पडलेला होता. मी श्वास आत घेतला... पुन्हा घेतला. मामी बाहेर उभी राहून काचेतून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"येतो का वास?"

"न्हाई मामी."

"मग हो पुढं, बसू दे मला."